मावळतीचे ऊन

नळदुर्गचा किल्ला भर दुपारी पाहिलेला मनुष्य आणि तोच किल्ला दिवस मावळताना पाहिलेला मनुष्य एकमेकांना भेटले, तर ते दोन निराळ्या किल्ल्यांविषयी बोलत आहेत, असे ऐकणाऱ्याला वाटेल. पहिला सांगेल, तट काळाकभिन्न आहे, रखरखीत आहे, त्याकडे पाहताना डोळे दिपतात. दुसरा सांगेल, तटाचा रंग तांब्यासारखा आहे, आणि त्याचा एकेक चिरा वेगळा मोजता येतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. किल्ला तोच, दगडही तेच; त्यांच्यावर पडणारा प्रकाश तेवढा निराळा. हा फरक ज्याला एकदा कळला, त्याला जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढण्याचा छंद जडल्यावाचून राहत नाही.

हा छंद जोपासण्यास धाराशिव जिल्ह्यासारखे क्षेत्र नाही. पूर्वी हा जिल्हा उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई. २०२३ साली त्याला धाराशिव हे नाव मिळाले. बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या ह्या भूमीत नळदुर्ग आणि परांडा हे दोन मोठे किल्ले आहेत. धाराशिव शहराजवळ डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. तेरणा नदीच्या काठी तेर हे पुरातन गाव आहे. शिवाय खेडोपाडी जुन्या वेशी, बारवा, दीपमाळा आणि पडके वाडे आहेत, ते निराळेच. पाहू इच्छिणाऱ्याला येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र ते केव्हा पाहावे, हे कळले पाहिजे.

प्रथम नळदुर्गचाच विचार करू. तुळजापूर तालुक्यातील हा किल्ला बोरी नदीच्या वळणावर उभा आहे. मुख्य किल्ला आणि त्याच्यासमोरचा रणमंडळ नावाचा छोटा किल्ला यांच्यामध्ये नदीवर एक प्रचंड दगडी बांध आहे. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशहा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, तो बांधण्यात आला. बांधाच्या पोटात दालने आहेत. त्यांना पाणीमहाल म्हणतात. पावसाळ्यात नदी भरली, की नर आणि मादी अशा दोन धबधब्यांच्या रूपाने पाणी बांधावरून खाली कोसळते. आतल्या दालनात उभा असलेला मनुष्य मात्र कोरडा राहतो! किल्ल्यात उपळ्या बुरूज नावाचा उंच बुरूज आहे, आणि नऊ पाकळ्यांचा नवबुरूजही आहे. अशा वास्तूसमोर कॅमेरा घेऊन उभे राहिले, की कळ दाबण्याचा मोह अनावर होतो. परंतु जाणता छायाचित्रकार कळ दाबण्यापूर्वी सूर्य कोठे आहे, हे पाहतो.

दुपारी सूर्य डोक्यावर असतो. त्याचे किरण वातावरणाच्या थरातून सरळ खाली येतात आणि त्यांचा मार्ग लहान असतो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा तेच किरण तिरपे येतात आणि त्यांना दुपारच्या सुमारे ३८ पट हवेतून वाट काढावी लागते. सूर्यप्रकाशात तांबडा, पिवळा, हिरवा, निळा असे अनेक रंग मिसळलेले असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हवेचे अतिसूक्ष्म कण त्यांपैकी निळ्या रंगाला अधिक विखरून टाकतात. ह्या विखुरण्याचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याने १८७१ साली मांडला. दिवसा आकाश निळे दिसते ते ह्याच कारणाने, आणि संध्याकाळचे ऊन सोनेरी व पुढे तांबूस दिसते तेही ह्याच कारणाने; कारण लांबच्या प्रवासात निळा रंग वाटेतच उधळला जातो आणि तांबडा-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. नळदुर्गचा काळा दगड तांबूस दिसू लागतो, तो ह्या उरलेल्या रंगांमुळे.

परंतु मावळतीच्या उन्हाची थोरवी केवळ रंगात नाही; ती सावलीत आहे. सूर्य क्षितिजापासून ५ अंश उंचीवर असताना उभ्या काठीची सावली काठीच्या अकरापटींहून अधिक लांब पडते. जमिनीवरचा बोटभर उंचवटाही अशा वेळी हातभर सावली टाकतो. जे जमिनीवर घडते तेच भिंतीवरही घडते. भिंतीला घासून जाणारा प्रकाश तिच्यावरचा प्रत्येक उंचवटा उजळतो आणि प्रत्येक खाच काळोखाने भरतो. समोरून पाहिले असता ज्या दगडावर काहीच नाही असे वाटते, त्याच्यावर अशा वेळी छिन्नीचे घाव दिसू लागतात. झिजलेली अक्षरे उमटून येतात. म्हणूनच पुसट शिलालेख वाचताना पुराणवस्तूंचे अभ्यासक त्याच्यावर मुद्दाम बाजूने तिरपा प्रकाश टाकतात. हौशी छायाचित्रकाराला तो दिवा सूर्य फुकट पुरवतो. मात्र तो थोडाच वेळ तेवतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मावळतीचे ऊन सगळ्याच भिंतींवर सारखे काम करीत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ते समोरून पडते. त्यामुळे ती भिंत रंगाने झळाळते, पण तिच्यावरचे नक्षीकाम सपाट दिसते. पूर्वेकडची भिंत संध्याकाळी सावलीत बुडालेली असते. तिचे चित्र हवे असेल तर सूर्योदयाला गेले पाहिजे. ऊन घासून जाते ते उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवरून. नवबुरुजासारख्या पाकळ्यांच्या बुरुजाची तर मौजच निराळी. त्याची एक पाकळी उजेडात, दुसरी अर्ध्या सावलीत आणि तिसरी अंधारात, असे झाले म्हणजे सपाट कागदावरही त्याची गोलाई डोळ्यांना जाणवते.

सूर्य रोज बरोबर पश्चिमेलाच मावळतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत, दिवस व रात्र समान होतात त्या सुमारास, तो पश्चिमेला मावळतो. त्यानंतर त्याची मावळण्याची जागा सरकत जाते. धाराशिव जिल्ह्यातून पाहिल्यास जूनच्या अखेरीस तो पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर मावळतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस दक्षिणेला तितक्याच अंशांवर. हात सरळ पुढे करून मूठ वळली, तर तिची रुंदी जवळजवळ १० अंश भरते. म्हणजे वर्षभरात सूर्यास्ताची जागा पाच मुठी सरकते! ह्यावरून उघडच आहे, की देवळाच्या उत्तरेच्या भिंतीवरील शिल्पांना मावळतीचे ऊन चैत्र-वैशाखात लाभते आणि दक्षिणेच्या भिंतीला ते मार्गशीर्ष-पौषात लाभते. ज्याला ही गोष्ट माहीत नाही, तो चुकीच्या महिन्यात जातो आणि देऊळच निस्तेज आहे असे समजून परत येतो.

जुन्या शिल्पकारांनाही दिशांचे महत्त्व ठाऊक होते. पुणे जिल्ह्यातील कार्ल्याच्या चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेकडे आहे. त्यामुळे दुपार कलल्यावर त्याच्या दर्शनी भागावर ऊन येते. आपल्या धाराशिवच्या लेण्यांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, त्यांच्या ओसरीत ऊन केव्हा येते, आणि आतील विस्तीर्ण सभामंडपापर्यंत उजेड कितपत पोहोचतो, ह्या प्रश्नांची उत्तरे होकायंत्र घेऊन तुम्ही स्वतः शोधावीत. पुस्तकात वाचलेल्या उत्तरापेक्षा असे उत्तर अधिक काळ स्मरणात राहते.

आता वेळेचा हिशेब पाहू. सूर्य आणि क्षितिज यांच्यात एक मूठ अंतर उरले, म्हणजे सूर्यास्ताला साधारण पाऊण तास अवकाश आहे असे समजावे. इंग्लंडसारख्या उत्तरेकडील देशात सूर्य फार तिरपा उतरतो, म्हणून तेथे संध्याकाळ रेंगाळते. आपल्याकडे तो बराचसा सरळ खाली जातो. त्याचे बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पुरते बुडेपर्यंत दोन-अडीच मिनिटेच लागतात. तेवढ्यात जागा शोधू म्हटले तर साधत नाही. म्हणून अनुभवी मनुष्य तासभर आधी पोहोचतो, चारही बाजूंनी फिरतो, आणि उभे कोठे राहायचे ते ठरवून मग वाट पाहतो.

प्रथम सूर्याकडे पाठ करून तटाचे चित्र घ्यावे. त्यात रंग येतो. मग सूर्य एका बाजूला राहील असे उभे राहून बुरुजाचे चित्र घ्यावे. त्यात घडण दिसते. बिंब मावळल्यावर तटाकडे अशा रीतीने पाहावे, की त्याच्यामागे उजळ आकाश येईल. आता तटाचा तपशील नाहीसा होतो आणि चर्या, कमान, शिखर यांची बाह्यरेषा तेवढी काळीभोर उमटते. अशा वेळी कॅमेऱ्याला प्रकाशाचे माप आकाशावरून घ्यायला लावावे. नाहीतर तो दगड उजळण्याच्या खटपटीत आकाशाचे सारे रंग पांढुरके करून टाकतो. मोबाइलवर चित्र घेताना पडद्यावरील उजळ आकाशाला बोट लावले, तरी हेच काम होते. त्यानंतरची वीस मिनिटे पुष्कळजण वाया घालवतात. ऊन गेले म्हणून ते घरी निघतात. पण आकाश तेव्हाच तांबड्याचे जांभळे आणि जांभळ्याचे गडद निळे होत असते, आणि बांधामागच्या संथ पाण्यात त्याचे प्रतिबिंब पडत असते. उजेड कमी असल्यामुळे कॅमेऱ्याची झडप अर्धा-अर्धा सेकंद उघडी राहते. एवढ्या वेळात हात हलतोच. म्हणून कॅमेरा तिपाईवर किंवा एखाद्या दगडावर पिशवी ठेवून तिच्यावर टेकवावा. एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये: तळपत्या सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी टक लावून पाहू नये, आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून तर मुळीच पाहू नये. भिंग ऊन एकवटते आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

प्रत्येक स्थळाची संध्याकाळ निराळी असते. परांड्याचा किल्ला भुईकोट आहे. भोवती खंदक, मागे एकाआड एक तट, आणि पलीकडे मोकळे माळरान. तेथे मावळतीचे ऊन डोंगराआड अडत नाही. ते शेवटच्या क्षणापर्यंत तटावर पोहोचते. तेरला दगडाऐवजी वीट आहे. तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर अतिशय प्राचीन असून त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात ज्या तगर नावाच्या व्यापारी नगराचा उल्लेख येतो, ते हेच तेर होय, असे विद्वान मानतात. संत गोरोबाकाकांचे गावही हेच. मातीला आकार देणाऱ्या संताच्या गावी भाजलेल्या मातीच्या भिंतीवर सांजेचा प्रकाश पडतो, तेव्हा विटेचा मूळचा लाल रंग आणि उन्हाचा तांबूस रंग एकमेकांत मिसळून जातात.

आज खिशातल्या मोबाइलने क्षणात चित्र निघते. पूर्वी हे काम इतके सोपे नव्हते. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती भारतात आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्या काळी काचेच्या तावदानावर रसायनाचा थर द्यावा लागे, आणि तो ओला असतानाच चित्र घेऊन ते धुवावेही लागे. म्हणून छायाचित्रकार काचा, औषधांच्या बाटल्या आणि अंधाराचा तंबू बैलगाडीत किंवा हमालांच्या डोक्यावर घेऊन हिंडत. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे मूळचे इंदूर येथील बांधकाम खात्यातले नोकर. त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला, आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. धाराशिवचा प्रदेश १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता. दीनदयाळ यांनी काढलेली देवळांची, किल्ल्यांची आणि राजवाड्यांची चित्रे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. छंदाने सुरू झालेले काम असे देशाचे धन होऊन बसते.

हे धन का म्हणायचे, ते ह्या जिल्ह्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून गावे झोपी गेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात आणि धाराशिव जिल्ह्याच्या आताच्या उमरगा व लोहारा तालुक्यांत दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली, हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे कित्येक गावे नव्या जागी वसवण्यात आली. माणसांच्या दुःखापुढे भिंतींचे दुःख काय, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु ज्या गल्लीत आजोबा वाढले ती गल्ली, ज्या ओसरीवर आजी जात्याशी बसली ती ओसरी, ज्या वेशीतून वरात आली ती वेस, हे सारे कसे होते, असे नव्या गावातील मुलाने विचारले तर त्याला काय दाखवायचे? ज्या वास्तूचे चित्र कोणी काढून ठेवले होते ती निदान कागदावर उरली. जिचे चित्र कोणी काढले नाही, ती वृद्धांच्या आठवणीत राहिली, आणि त्यांच्याबरोबर तीही एके दिवशी जाईल.

भूकंप नेहमी होत नाही. पण पाऊस दर वर्षी पडतो, तटाच्या सांध्यात पिंपळ दर वर्षी मुळे रोवतो, आणि घर बांधताना जुन्या वाड्याचे चिरे उपसून नेणारे हातही असतातच. म्हणून मोठ्या किल्ल्याच्या चित्राबरोबरच आपल्या गावच्या वेशीचे, बारवेचे, मारुतीच्या पाराचेही चित्र काढावे. चित्राबरोबर गाव, वास्तू, तारीख, वेळ आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो, हे वहीत टिपून ठेवावे. तारीख नसलेले चित्र म्हणजे नाव न सांगणारा साक्षीदार. त्याच जागेवरून दर वर्षी एक चित्र घेतले, तर पाच वर्षांनी कोणता चिरा ढळला आणि कोणती भेग रुंदावली, हे दाखवणारा पुरावा तुमच्या हाती असेल. दुरुस्ती करणाऱ्याला अशा पुराव्याचा फार उपयोग होतो.

ज्याचे चित्र घ्यायचे त्याला आपल्याकडून इजा होऊ नये, हा ह्या छंदाचा पहिला नियम आहे. शिलालेख स्पष्ट दिसावा म्हणून कोणी त्याच्यावर खडू फासतात किंवा तेल चोळतात. त्यामुळे अक्षरे अधिकच झिजतात. तिरपे ऊन येईपर्यंत थांबावे. ते हेच काम दगडाला स्पर्श न करता करते. संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असावे. पडक्या तटावर चढू नये. भिंगातून पाहत मागे मागे सरकू नये, कारण मागे विहीर किंवा खंदक असू शकतो. वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्यावे, पहारेकऱ्याला विचारून आत जावे, आणि फाटक बंद होण्यापूर्वी बाहेर पडावे. सूर्यास्तानंतरचे चित्र बाहेरूनही उत्तम येते. देवळात पूजा करणाऱ्यांचे किंवा कट्ट्यावर बसलेल्या माणसांचे चित्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

माझ्याजवळ कॅमेरा नाही, मी काय करू, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. पुठ्ठ्याच्या तुकड्याला मध्यभागी चौकोनी भोक पाडा आणि त्यातून गावचे देऊळ पाहा. पुठ्ठा पुढे-मागे सरकवून चित्रात काय घ्यावे आणि काय वगळावे, ते ठरवा. मग वहीत पेन्सिलीने फक्त सावल्यांचे आकार काढा. पाच वाजता एक, साडेपाचला दुसरे, आणि दिवस मावळताना तिसरे. ज्यांच्याजवळ कॅमेरा आहे, त्यांनी एका संध्याकाळी बारापेक्षा अधिक चित्रे घ्यायची नाहीत, असे स्वतःवर बंधन घालावे. पूर्वी कित्येक कॅमेऱ्यांच्या फिल्मवर बाराच चित्रे मावत, आणि म्हणून छायाचित्रकार प्रत्येक चित्रापूर्वी नीट विचार करीत असे. आठवडाभर एवढे करून पाहा. रोज ज्या देवळावरून शाळेत जाता, त्याच्या भिंतीवर एखादे फूल, एखादा पक्षी किंवा गवंड्याने कोरलेली एखादी खूण तुम्हाला प्रथमच दिसेल. ती दिसली, की त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा.

स्वाध्याय

१. नळदुर्गचा काळा दगड मावळतीच्या वेळी तांबूस का दिसतो? कारण तुमच्या शब्दांत सांगा.
२. पश्चिमेकडच्या भिंतीपेक्षा उत्तरेच्या व दक्षिणेच्या भिंतींवरील नक्षीकाम संध्याकाळी अधिक उठून का दिसते?
३. ‘तारीख नसलेले चित्र म्हणजे नाव न सांगणारा साक्षीदार’, असे लेखकाने का म्हटले आहे?
४. ‘डोळे दिपणे’ आणि ‘छंद जडणे’ ह्या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील एक जुनी वास्तू निवडा. तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि तिच्यावर ऊन केव्हा कसे पडते, ते पाहून दहा ओळी लिहा.